फिनेलशेजारचा कप

"वहिनी, तो नको. आज या नव्या कपात घे," असं ताई म्हणेपर्यंत वहिनीनं सवयीनं खिडकीतला निळा कप उचलून विसळलाही होता.

खिडकीत फिनेलची बाटली असायची आणि तिच्या शेजारी हा कप. वहिनी विषाणूंच्या प्रयोगशाळेत कामाला लागली, तेव्हा ताईनंच तो तिथं नेऊन ठेवला होता. "घरात लहान पोर आहे, राग मानू नकोस." वहिनीनं राग मानला नाही. "हात धुऊनच निघतो आम्ही, वन्सं," एवढंच म्हणाली आणि चहा प्यायली. ताई घरी शिवणकाम करायची. माप देता देता गिऱ्हाइकं भावाची चौकशी करत, तेव्हा ती म्हणे, "लोक मांजर पाळतात, आमची वहिनी रोग पाळते." गिऱ्हाइकं हसत. ताईलाही आपला विनोद आवडे.

ताईच्या पोरीला उजेड कमी झाला की दिसेनासं व्हायचं. दिवेलागणीला ती आईच्या गालावरून बोटं फिरवून विचारायची, "आई, हसतेस का रागावलीस?" दोष जनुकात आहे, चष्म्यानं जाणार नाही, असं डॉक्टरांनी सांगून टाकलं होतं. त्यावर इंजेक्शन निघाल्याची बातमी आणली ती वहिनीनंच.

"विषाणू? पोरीच्या डोळ्यात?" ताई ओरडलीच.

"रिकामा केलेला, वन्सं. पेशीत शिरायचं कसं, ते त्याच्याइतकं कुणाला जमत नाही. तो तिला बाहेरून चिकटतो आणि तीच त्याला आत ओढून घेते. म्हणून त्याचं सामान काढायचं आणि त्याच्या पोटात चांगलं जनुक भरायचं. तो ते पोचवतो, पण स्वतः वाढू शकत नाही."

"आणि हे रिकामं करून भरतं कोण?"

"आम्हीच. माझं तेच काम आहे. तुम्ही कधी विचारलं नाहीत."

ताईला मेल्याहून मेल्यासारखं झालं. इंजेक्शनं झाली, पोर हळूहळू संध्याकाळीही अंगणात खेळू लागली. कप मात्र खिडकीतच राहिला. तो हलवायचा म्हणजे तो तिथं का होता, ते कबूल करायचं, आणि तेवढा धीर ताईला होत नव्हता. आज नवे कप आणून तिनं पळवाट काढली होती.

"राहू द्या हो, मला याचीच सवय," म्हणत वहिनीनं निळ्या कपात चहा ओतून घेतला.

बाहेर अंधारून आलं होतं, स्वयंपाकघरातला दिवा अजून लावलेला नव्हता. पोर भिंत न चाचपता सरळ आत आली आणि खिडकीशी थबकली.

"मामी, तुझा कप फिनेलपाशी का असतो गं?"

"मला खिडकीतला वारा आवडतो ना, म्हणून माझा कपही तिथंच," वहिनी हसून म्हणाली.

सुटले, असं ताईच्या मनात आलं, आणि त्या सुटण्याचीच तिला शिसारी आली.

"खोटं सांगतेय ती. मी ठेवला तिथं. तुझ्या मामीच्या हातांची मला भीती वाटायची. किळसही."

"वन्सं, कशाला..."

पोर आईकडे बघत राहिली. दिवेलागणीला लेकीला आपला चेहरा दिसावा, एवढंच ताईनं इतकी वर्षं मागितलं होतं. आता तो तिला दिसत होता, आणि ताईला तोंड लपवायला जागा नव्हती.