वस्तादाच्या हातची माती

कडूबाचा खांदा मोडला त्याच्या दुसऱ्याच सकाळी गुलाबराव वस्तादाकडून तुपाची बरणी आली. तालमीतला एक पहिलवान ती ओट्यावर ठेवून गेला. "वस्तादानं पाठवलं. हाडाले चांगलं असते म्हने." मनकर्णाबाईने बरणी उघडली नाही, फळीवर ठेवून दिली. मग दुसरी आली, तिसरी आली, आणि अख्खं सुलतानपूर म्हणू लागलं की वस्ताद असावा तर असा.

खांदा कोणी मोडला, हे त्याच सुलतानपूरला पक्कं ठाऊक होतं. मेहकरच्या कुस्त्यांत कडूबाने हरायचं, असं वस्तादाने आधीच ठरवून टाकलं होतं, कारण समोरचा गडी त्याच्या मेहुण्याचा. पण कडूबाला सगळे डाव येत, हरायचा तेवढा येत नव्हता. जिंकून गावात आला, तसं वस्तादाने त्याला तालमीच्या खांबाला बांधलं आणि उजवा हात आवाज येईपर्यंत पिरगाळला. चांगले धट्टेकट्टे पहिलवान उभे राहून बघत होते. एवढ्या मोठ्या छात्या कशासाठी कमावतात, देव जाणे!

मनकर्णाबाई कडूबाची मावशी. आई गेल्यावर तिनेच त्याला वाढवलं. बाई अशी तिखट, की तिच्याशी भांडायला लोक पाणी पिऊन येत. ती एसटीत बसून मेहकरला गेली आणि कुस्ती संघाचे अध्यक्ष अर्जुनराव यांच्यापुढे उभी राहिली. मराठी राज्य नुकतंच झालेलं, त्यांचे खादीचे कपडेही नवेकोरे. अर्जुनरावांनी सगळं ऐकून घेतलं.

"चौकशी करू. कडूबा खरा निघाला तर गुलाबराव तालमीतून गेला समजा. पन खोटा निघाला तं त्याले जिल्ह्यातल्या कोन्त्याच तालमीत पाय ठेवता येनार नाई."

"चालते," ती म्हणाली. "फक्त मी त्याच्या बाजूले बसन. वस्तादापुढं त्याले तोंड फुटत नाई."

"हाव, बसा ना." हो म्हणायला त्यांचं काय जात होतं!

त्यानंतर गाव हळूहळू गप्प झालं. गिरणीवाला म्हणाला पट्टा तुटला, आणि तिच्या डोळ्यांदेखत दुसऱ्यांचं पीठ बाहेर येत होतं. साक्ष देतो म्हणणारे दोघे होते. त्यातला एक पिंपळगाव राजा या गावी बहिणीकडे निघून गेला. दुसरा रस्त्यात भेटला तर पायातल्या वहाणांकडे बघत जायचा. तुपाच्या बरण्या मात्र येतच राहिल्या. कडूबा त्या फळीकडे बघत बसायचा.

"राहू दे ना मावशी. वस्ताद हाय तो."

"वस्ताद हाय म्हनून हात मोडाचा? कशानं मोडला तेवढं सांग तू. बाकीचं मी पाह्यते."

असं म्हणाली खरी, पण तिला भीती वाटत होती. अंगणात कोणाचा खाकरण्याचा आवाज आला तरी ती उठून दाराची कडी बघून येई.

चौकशी शाळेच्या खोलीत ठरली होती. त्या दिवशी सकाळी निरोप आला की बैठक तालमीत होईल. तालमीत बाईने पाय ठेवायचा नसतो. ठेवला तर कुस्तीच्या हौद्यातली माती बाटते. मग ती सगळी उपसून फेकायची, नवी भरायची. बाटलेल्या मातीचा कणसुद्धा पहिलवानाने अंगाला लावायचा नाही. अर्जुनरावांनी दिलेला शब्द मोडला नव्हता, नुसती जागा बदलली होती.

तालमीच्या दारात कडूबा अडखळला. "मावशी, तू?"

"मी इथंच हाय, उंबऱ्यापाशी. माह्याकडं पाहून बोल."

आत तेलाचा आणि हळदीच्या मातीचा वास होता. भिंतीला लागून पहिलवान उभे होते, चौकशीला लागतात त्याहून कितीतरी जास्त. अर्जुनराव खुर्चीवर. गुलाबराव हौद्याच्या कडेला. कोणी काही विचारलंच नाही. गुलाबराव वाकला, मूठभर माती घेतली आणि हात पुढे केला.

"ये बाप्पा," अगदी मायेने हसून म्हणाला.

वस्तादाच्या हातची माती घेऊन अंगाला लावली, की गुरु-चेल्यातलं भांडण मिटलं. मग तक्रार उरत नाही, हे सगळ्या तालमींना मान्य. कडूबाने लहानपणापासून रोज सकाळी ती माती घेतलेली. तो काही ठरवायच्या आत त्याची पावलं पुढे गेली, कंबर वाकली. उजवा हात कमरेपर्यंत आला आणि अडकला. कडूबाने ओठ चावला, पुन्हा प्रयत्न केला. शेवटी त्याने डावा हात पुढे केला.

वस्तादाची माती डाव्या हाताने कोणी घेत नाही. सगळ्यांनी ते पाहिलं. अर्जुनरावांनीही पाहिलं आणि लगेच छताकडे नजर लावली. "घेतली ना? लाव अंगाले, अन् मिटलं."

कडूबाची मूठ छातीकडे जाऊ लागली. तेव्हा मनकर्णाबाईने उंबरा ओलांडला. ती सरळ चालत गेली, हौद्यात उतरली आणि मधोमध फतकल मारून बसली.

"बाई!" अर्जुनराव ताडकन उठले. "माती बाटवली तुमी!"

"हाव, बाटली. मंग त्याच्या मुठीतली बी बाटली. आता ते अंगाले लावता येत नाई. कायदा तुमचाच हाय."

गुलाबराव अजून हसतच होता. त्याने डोळ्याने खूण केली. मागे दार लागलं, अडसर सरकल्याचा आवाज आला आणि आत अंधारून आलं. भिंतीशी उभे असलेले पहिलवान एक पाऊल पुढे आले. मनकर्णाबाईने दोन्ही हात मातीत घट्ट रोवले.

"कडू," ती म्हणाली, "बसली मी बाजूले. बोल आता."

कडूबाने मूठ उघडली. माती खाली पडली.

"वस्ताद, हात वर होत नाई. तुमी मोडला."

मग तो थांबला नाही. खांबाला बांधल्यापासून सगळं सांगू लागला, दोर कोणी आणला, दारात कोण उभा होता, हसलं कोण, एकेकाचं नाव घेऊन. ज्याचं नाव येई, तो पुढे आलेला पहिलवान आहे तिथेच थांबत होता.