डावीकडचे पाऊल

मित्रांनो, खिळ्याला टांगलेला, कानांवरच्या उशांचे कातडे सोलवटलेला हा जुना हेडसेट दिसतो ना, तो मी. माझ्या अंगावर एकही दिवा नाही. ज्यांनी मला घडवले त्यांनी सगळा जीव माझ्या दोन कर्ण्यांत ओतला आणि रूपाकडे साफ काणाडोळा केला.

नीश शहरात स्तेवाकाकांच्या दुकानात मी सर्वांत खालच्या फळीवर धूळ खात होतो. वरच्या फळीवर माझे लाल-निळे उजळणारे भाऊबंद मिरवत असत. एके दिवशी विश्न्या नावाची शाळकरी मुलगी आपल्या मोठ्या भावाला, वूकला घेऊन दुकानात आली. ती व्हिडिओ गेमच्या एका संघात खेळायची. भिंतीआडून शत्रू कोणत्या बाजूने येतो आहे हे पावलांवरून ओळखायचे आणि साथीदारांना सांगायचे, हे तिचे काम.

काकांनी वरचा एक झगमगीत वीर काढला. "हा घे पोरी. याच्यात चहूबाजूंनी आवाज येतो. खोक्यावरच लिहिलंय."

"खोक्यावर काय, काहीही लिहितात, काका," विश्न्या म्हणाली.

तिच्या फोनमध्ये पावलांचा आवाज होता. कुणीतरी आपल्याभोवती गोल चालते आहे असा. ती डोळे मिटायची आणि पाऊल जिथे वाजेल तिथे बोट दाखवायची. पडद्यावर पाहून वूक खरेखोटे करायचा. झगमगीत वीराने तिचा पार गोंधळ उडवला. मागचे पाऊल तिला पुढे वाटले. मग माझी पाळी आली. पाऊल डावीकडे गेले, बोट डावीकडे गेले. पाऊल मागे फिरले, बोट खांद्यावरून मागे वळले. एकदाही चुकले नाही. त्या दिवशी मला पहिल्यांदा कुणीतरी निवडले, मित्रांनो. मी हरखून गेलो.

पुढची वर्षे सुखाची होती. "डावीकडे, जिन्याखाली," असे ती म्हणायची आणि शत्रू तिथेच सापडायचा. संघातली मुले तिला वटवाघूळ म्हणत. नोवी साद शहरातल्या मोठ्या स्पर्धेसाठी संघाची निवड झाली, तीही तिच्या कानांच्या जोरावर, असे सगळेच म्हणत. त्यात माझा वाटा किती, हे मी मनातच ठेवले.

मग शरद ऋतू आला. रादमिलाबाई, म्हणजे विश्न्याची आई, वर्षभराच्या ऐवारसाठी, म्हणजे मिरच्यांच्या चटणीसाठी, लाल मिरच्या भाजायला बसल्या. धूर जावा म्हणून त्यांनी गॅलरीचे दार आणि समोरची खिडकी दोन्ही उघडली. विश्न्या नुकतीच न्हाऊन ओल्या केसांनी खेळत होती.

"अगं, आरपार वारं सुटलंय आणि ही ओल्या डोक्याने बसलीय!" आई दार लावायला धावल्या. त्यांचा पाय माझ्या वायरीत अडकला आणि मी जमिनीवर आपटलो. मला काहीही झाले नाही. हे नीट लक्षात ठेवा.

दुसऱ्या दिवशी सकाळी विश्न्याचा डावा कान गच्च झाला होता आणि आत शिट्टी वाजत होती.

"वाराच लागलाय. सांगत होते मी," आई म्हणाल्या. आमच्याकडे आरपार वाऱ्याला लोक चोरापेक्षा जास्त भितात. आईंनी कोमट राकियात, म्हणजे फळांच्या दारूत, भिजवलेला कापूस कानात घातला, डोक्याला शाल गुंडाळली, घराच्या सगळ्या खिडक्या बंद केल्या. आग सोमेश्वरी आणि बंब रामेश्वरी, तशातली गत. पण माया खरी होती, म्हणून माझा रागही धड होईना.

काही दिवसांनी शिट्टी थांबली. एका कानाने घरातले बोलणे कळत होते, म्हणून आईंनी वारा उतरल्याचे जाहीर केले. विश्न्या पुन्हा खेळायला बसली. मी डावीकडे पाऊल वाजवले. तिने मान वळवली नाही. मी पुन्हा वाजवले. शत्रू डावीकडून आला आणि सगळा संघ गारद झाला.

"याचा डावा कर्णा गेलाय. पडला होता ना त्या दिवशी," ती म्हणाली.

"नाचता येईना अंगण वाकडं," संघातला एक मुलगा हसला. ती हसली नाही.

मला ओरडून सांगावेसे वाटत होते: अगं, मला एकदा उलटा घाल. माझी डावी बाजू उजव्या कानावर ठेव, म्हणजे कळेल कोण मुके आहे आणि कोण बहिरे. पण मला जो आवाज देतील तोच माझा आवाज. स्वतःचा शब्द मला नाही. मी तिच्या कानाला चिकटून होतो, सगळे जाणून होतो आणि काहीच करू शकत नव्हतो.

वूकने काकांकडून तो झगमगीत वीर आणला. मला खणात टाकले. अंधारात मला तिचा आवाज ऐकू आला. "दादा, याचाही डावा बंदच आहे रे."

वूकने खण उघडला आणि मला स्वतःच्या डोक्यावर चढवले. दोन्ही बाजू खणखणीत होत्या. मग त्याने मला उलटे करून तिला घातले. तिच्या उजव्या कानात माझा डावा कर्णा बोलला. तिच्या डाव्या कानात काहीच नाही. तिचे हात माझ्यावरच थांबून राहिले.

डॉक्टरीणबाईंनी कान तपासला. "आतली नस गेलीय. लगेच आला असतात तर औषध लागू पडायची आशा होती. इतके दिवस काय करत होतात?"

"वारं लागलं होतं ना," रादमिलाबाई हळूच म्हणाल्या. घरी येऊन त्यांनी सगळ्या खिडक्या उघडल्या आणि कितीतरी वेळ तशाच उभ्या राहिल्या.

संघ नोवी सादला दुसऱ्या मुलीला घेऊन गेला.

मित्रांनो, आमची काळजी घ्या, असे मी म्हणणार नाही. हेडसेट दुकानात मिळतात. एका बाजूने ऐकू येईनासे झाले तर आम्हाला एकदा उलटे घालून बघा, आणि चूक कानाची निघाली तर त्याच दिवशी डॉक्टरकडे जा. वाऱ्याला मागाहून शिव्या देता येतील.

विश्न्या अजून कधीकधी मला खिळ्यावरून काढते, डोळे मिटते आणि तो जुना पावलांचा आवाज लावते. पाऊल उजवीकडे येते, तिचे बोट उजवीकडे जाते. मग मी पाऊल डावीकडे नेतो, जमेल तितके स्पष्ट वाजवतो. तिचे बोट हवेत तसेच थांबते आणि पाऊल परत उजवीकडे येण्याची वाट पाहते.