पाव्हणीच्या तोंडाफुडं पाय

“पाव्हणीच्या तोंडाफुडं पाय करत्यात का कुणी? न्हाय दावायचा म्हंजी न्हाय,” कडूबाई सुनंवर खेकसली आन् पाय लुगड्याखाली वढून घेतला.

भांडण माझ्याफुडंच चाललेलं, मित्रांनो. बेंबळी गावातल्या ह्या घरातला जुना मोबाइल तो मी. कडूबाईच्या लेकानं, शिवराजनं, मला लई हौसंनं आणला. छातीच्या खिशात मिरवला. मग एकदा ट्रॅक्टरवरनं पडलो, काच तडकली, त्यानं दुसरा घेतला. वरीसभर फडताळात खिळ्यांच्या डब्यापशी पडून होतो. राग यायचा, पर काढणार कुणावर?

कडूबाईला शुगर. पायाला जखम झाली तवा घरच्यांना माझी याद आली. दवाखान्यातली हर्षाली सिस्टर पंधरा दिवसाला घरी येती, मधी एक दिवसाआड माझ्यातनं, व्हिडिओ कॉलवर, जखम बघती.

बघती म्हंजी काय, कडूबाईचं तोंडच बघती. सिस्टर दिसणार म्हणून कडूबाई कुंकू लावून, डोक्यावर पदर घेऊन बसायची. मला पाटावर बसवायची, फुडं चहाची कपबशीसुदीक ठेवायची. पाय कसाय इचारलं की, बराय की, म्हणायची. सून दीपमालाला पट्टीला हातबी लावू देत न्हवती. माझा डोळा, म्हंजी क्यामेरा, लई चौकस. लुगड्याच्या काठाला माशा घोंगावत्यात, मला दिसायचं. खाली काय आसंल?

आज त्या माशा दीपमालानंबी बघितल्या, म्हणून हे भांडण. सिस्टरनं तिकडनं समदं ऐकलं. रागावली न्हाय. चप्पल काढली, आन् माझ्या काचंवर सिस्टरचा पाय आला. टाचंला भेगा, करंगळीला फोड.

“आजी, आधी म्या केला पाय तुमच्या तोंडाफुडं. आता कोण कुणाला नावं ठेवणार?”

कडूबाई पदरात तोंड घालून हसली. मग हळूच लुगडं सारलं. दीपमालानं पट्टी सोडली. अंगठा काळा पडलेला.

सिस्टरनं तोंड काचंपशी आणून अंगठा नीट बघितला. मग म्हणाली, “आज दवाखान्यात निघालात तर पाय वाचंल, आजी. उद्याचं सांगता यायचं न्हाय.”

मित्रांनो, माझ्या डोळ्यावर भाकरीच्या हातांनी बसलेलं पीठ तेवढं पुसत जावा. आन् मला नुसतं तोंड दावू नगा, दुखतंय ते दावा.

शिवराजची जीप दारात आलीय. सिस्टर वाटंत दिसली पायजे म्हणून कडूबाईनं मला हातातच धरलंय. निघायला पायजे आता.