अर्धाच उतरलेला शेरा

मी एक शेरा बोलतोय. अख्खा शेरा. कामाच्या यादीत माझं नाव लावून जे मिरवतंय ना, तो मी नव्हे. ते माझं नुसतं मुंडकं.

माझा जन्म एका इस्पितळाच्या तळमजल्यावरच्या खोलीत झाला. दुरुस्तीचे कागद तपासणाऱ्या बाईंनी मला लिहिलं. वीस वर्षं त्यांनी कागदावर शेरे लिहिलेले. वर एकटं 'मंजूर', खालच्या ओळीत अट. संगणक आला तरी सवय तीच. लिफ्टच्या कागदावर त्यांनी लिहिलं, 'मंजूर.' खाली लिहिलं, 'पण तिसऱ्या मजल्यावरचं दार बदलल्याशिवाय लिफ्ट चालू करू नये.' झालो मी. दोनच ओळींचा, पण कामाचा.

मंजुरीच्या यादीतला शेरा कामाच्या यादीत आपोआप उतरावा, अशी सोय संगणकवाल्या भाऊंनी केली होती. "आता हातानं काही उतरवायला नको, बाई. सगळं जसंच्या तसं जातं," असं ते छाती फुगवून सांगायचे. जसंच्या तसं म्हणे! पलीकडच्या रकान्यात एकच ओळ मावायची. माझी दुसरी ओळ गेली ती गेलीच, आणि कुणाला पत्ता नाही.

मिस्त्रीनं कामाच्या यादीत 'मंजूर' वाचलं आणि लिफ्ट चालू केली. चौथ्या दिवशी तिसऱ्या मजल्यावरचं दार उघडलं, पण आत लिफ्टच नव्हती. लिफ्ट चालवणाऱ्या मामांनी सवयीनं पाऊल टाकलं. जीव वाचला, पाय मात्र दोन ठिकाणी मोडला.

चौकशी बसली. साहेबांनी कामाची यादी बाईंपुढे धरली.

"मंजूर तुम्हीच लिहिलंय ना?"

"लिहिलंय, साहेब. पण खाली अट घातली होती."

"कुठाय? दाखवा."

कुठून दाखवणार? काम झालं की मंजुरीची यादी बंद होते. मग ती फक्त भाऊंनाच उघडता येते. मी तिथेच होतो हो, धडधडीत! पण मला विचारतो कोण? बाईंना घरी बसवलं. मामांच्या बायकोनं त्यांच्याशी बोलणं टाकलं.

आज साहेबांच्या सांगण्यावरून भाऊंनी ती यादी उघडली. मला वाचलं. पुन्हा वाचलं. चेहरा पार उतरला. मग साहेबांना फोन लावून म्हणाले, "नाही साहेब, तसलं काही सापडत नाही. जुनी यादी पुसूनच टाकतो, उगाच जागा अडते."

भाऊ, रकाना छोटा ठेवलात, ते मी पोटात घातलं असतं. चूक कुणाकडूनही होते. पण वाचूनसुद्धा? लाज कशी वाटली नाही हो तुम्हाला?

फोन ठेवतात न ठेवतात तोच पुन्हा वाजला. बाई होत्या.

"भाऊ, मी लिहिलं होतं ना हो खाली? आता माझी मलाच खात्री वाटेना."

भाऊंची नजर माझ्यावर आहे. बोट पुसायच्या बटणावर आहे. पुसा मला, माझं काय अडलंय! पण बाई अजून फोनवर आहेत. त्यांना तेवढं एक 'हो' म्हणा.