वकीलपत्रावर सही नव्हती

बबिता राठोड शुक्रवारी दुपारी यवतमाळच्या कोर्टात संघदीप वकिलाच्या टेबलाशी येऊन बसली, आणि बसल्या बसल्या सगळं सांगून मोकळी झाली. आपल्याकडच्या अशिलाची ही जुनी खोड. वकील केस घेणार की नाही, घेतली तर कोणाच्या बाजूनं, हे विचारायच्या आधीच पोटातलं सगळं टेबलावर. डॉक्टरपुढं एक वेळ लाजतील, वकिलापुढं नाही. आणि वकिलाची खोड अशी की वकीलपत्रावर सही होऊन त्यावर कोर्ट फीचं तिकीट चिकटेपर्यंत समोरच्याला अशील मानायचंच नाही. एरवी या दोन्ही खोडी शेजारी शेजारी सुखानं नांदतात.

बबिता दारव्ह्याजवळच्या बंजारा तांड्यावरची, इंजिनिअर होऊन गावी परतलेली. गुलाबी बोंडअळीनं जिल्ह्याचा कापूस खाल्ला, त्याच्या पुढच्या हंगामात तिनं मोबाइलसाठी एक ॲप लिहिलं. शेतातल्या सापळ्यात त्या अळीचे किती पतंग अडकले त्याचा फोटो टाकायचा. फवारायचं की थांबायचं ते ॲप सांगणार, मराठीत आणि तांड्याच्या गोरबोलीतही. कोणीही वापरावं, बदलावं, अगदी विकावंसुद्धा. लायसन्सची अट एवढीच, की ज्याला द्याल त्याला आतला कोडही उघडा करून द्या, आणि लिहिणाऱ्यांची नावं पुसू नका.

बियाणं आणि औषधांचे व्यापारी बबनराव यांनी नेमकं तेच केलं. नावं पुसली, कोड बंद केला, वर आपल्या दुकानाचं चित्र चिकटवलं. बबितानं ॲप स्टोअरकडं तक्रार केली होती, आता कोर्टात जायचं होतं.

"माह्यं ॲप आठ पतंग सापडले तर फवारा म्हणे, थेही लागोपाठ तीन रात्री," बबिता म्हणाली. "त्याइचं चारलेच फवारा म्हणते, पहिल्याच रात्री. औषध त्याइचंच. कोड उघडा असता तर कोनालेबी दिसलं असतं, साहेब."

संघदीपला गोष्ट कळली आणि आवडलीही. त्यानं नेहमीचा प्रश्न विचारला, "आपली बाजू कुठं कच्ची आहे? असेल तर आत्ताच सांग."

तिनं सांगितलं. फोटोतले पतंग मोजायचा भाग तिचा कॉलेजचा मित्र रोशन यानं लिहिला होता. रोशन नेरचा, पुण्याला नोकरीत. त्याच्या नेमणुकीच्या कागदावर लिहिलं होतं की नोकरीत असेपर्यंत तो जे लिहील ते कंपनीचं. त्यानं रविवारी घरी बसून लिहिलं होतं, पण कागद तो कागद.

"त्याच्या कंपनीले समजलं तर नोकरी जाईन त्याची. म्या, रोशन आन् आता तुमी, तिघाइलेच मालूम हाये."

संघदीपनं मान डोलावली. वकीलपत्र पुढं केलं, पण त्याला लावायचं तिकीट विक्रेत्याकडं संपलं होतं. "सोमवारी ये," तो म्हणाला.

शनिवारी बबनराव त्याच्या घरी आले. तेही याच तक्रारीच्या कामासाठी. हे काम नीट झालं तर आपल्या कंपनीचं सगळं कोर्टकाम कायमचं त्याच्याकडं, असं त्यांनी चहा पिता पिता सांगितलं. "ती पोरगी माझ्याकडे येऊन गेली, मला हे काम चालणार नाही," एवढं एकच वाक्य संघदीपला बोलायचं होतं. फी घेतलेली नसली तरी वकिलाला विश्वासानं सांगितलेलं गुपितच असतं, हे तो लॉ कॉलेजात पोरांना दोन वर्षं शिकवत होता. शिकवायला काय जातं! वीस वर्षं कोर्टाच्या आवारातल्या पत्र्याच्या शेडखाली बसून त्यानं भाऊबंदकीचे बांध मोजले होते. पहिल्यांदा कंपनी दारात आली होती. सही झालेली नाही, तिकीट लागलेलं नाही, म्हणजे ती माझी अशील नाहीच, असं त्यानं स्वतःला बजावलं आणि तोंड उघडलं ते रोशनचं नाव सांगायला.

आपलं नाव नको म्हणून बबिताला नोटीस नागपूरच्या एका वकील मित्राच्या लेटरहेडवर गेली. मजकूर संघदीपचा. सात दिवसांत तक्रार मागे घ्या, नाहीतर रोशनच्या कंपनीला कळवू. सोमवारी त्यानं बबिताला फोन करून सांगितलं की कॉम्प्युटरच्या केसमधलं मला फारसं कळत नाही, दुसरा वकील बघ. ती म्हणाली, "बरं साहेब, तुमी ऐकून तरी घेतलं." त्या आठवड्यात तो बायकोवर दोनदा विनाकारण खेकसला.

नोटीस मिळाल्याच्या नवव्या दिवशी बबिता पुन्हा टेबलाशी उभी. डोळे सुजलेले. तिनं नोटीस पुढं ठेवली.

"एकच इचारायचं हाये. हे रोशननंच सांगतलं असंन ना? म्या तं सांगतलं नाही. आन् तुमी वकील हा, तुमाले काय इचारू!"

संघदीपनं नोटीस वाचल्यासारखं केलं. स्वतःचीच वाक्यं. मग तो म्हणाला, "असेल."

असेल! एवढं बोलतानाही त्याची जीभ झडली नाही.

"म्हनजे म्या केलं थे बराबर केलं," ती म्हणाली. "तक्रार म्या मांगं घेतली नाही. नोटीस आली त्याच दिशी नेरले जाऊन आली. त्याच्या मायबापाले गल्लीत उभं करून नाही नाही थे बोलली. तुमचा पोरगा इकल्या गेला म्हटलं. त्याची माय रडत होती. रोशन फोन करून राह्यला, म्या उचलत नाही. ॲपमधलं त्याचं नावबी पुसून टाकलं."

ती वळली. पाच पावलं गेली. तेवढ्यात संघदीपला आपण काय केलं ते पुरतं दिसलं. जी चोरी थांबव म्हणून ही पोरगी आपल्याकडं आली होती, तीच आपण तिच्या हातून करवली.

"बबिता, थांब. रोशननं नाही सांगितलं. मी सांगितलं."

ती परत येऊन बसली. त्यानं बबनरावांचं सांगितलं, नागपूरच्या मित्राचं सांगितलं, आणि शेवटी, सवय जाईना म्हणून, वकीलपत्राचंही सांगितलं.

"तिकीट संपलं होतं म्हनून?" तिनं विचारलं. आवाज चढला नव्हता. "तिकीट असतं तं माह्यं गुपित गुपित राह्यलं असतं?"

संघदीप टेबलावरचे कागद सरळ करू लागला.

"चाला मंग नेरले. त्याच्या मायबापापुढं तुमच्या तोंडानं सांगा. आन् मले लिहूनबी द्या."

लिहून दिलं तर वकिलीची सनद जाऊ शकते, हे त्याला माहीत होतं. त्यानं टेबलावरचाच कागद ओढला, होतं तसं लिहिलं, खाली सही आणि तारीख घातली. बसमध्ये ती खिडकीकडं तोंड करून बसली.

रोशनचे वडील देवराव, निवृत्त पोस्टमन. आपल्या समाजाचा वकील म्हणून नेरच्या बुद्धविहारात त्यांनीच संघदीपचा सत्कार केला होता. बबिताला बघून त्यांचा चेहरा उतरला, पण मागं संघदीप दिसला आणि ते लगबगीनं पुढं आले.

"या साहेब! बरं झालं तुमी आले. आता तुमीच समजावा हिले. आमचा पोरगा असा नाही हो!"

रोशनच्या आईनं, प्रभावतीबाईंनी, पाण्याचा तांब्या आणला. संघदीपनं तो घेतला नाही. उभ्यानंच, खाली बघत, त्यानं सगळं सांगितलं. देवराव चिडतील, अंगावर येतील अशी त्याची तयारी होती. खरं तर ते अंगावर आले असते तर त्याला बरं वाटलं असतं.

देवराव मटकन खाटेवर बसले आणि दोन्ही हातांनी तोंड पुसलं.

"म्हनजे रोशननं नाही सांगतलं." ते बायकोकडं वळले. "ऐकलं का, प्रभावती? आपल्या पोरानं नाही सांगतलं!" मग त्यांनी संघदीपचा हात धरला. "लय उपकार झाले, साहेब. नऊ दिवस झाले, पोटात अन्न नाही."

त्या उपकारांनी संघदीपला मेल्याहून मेल्यासारखं झालं. बबिता प्रभावतीबाईंच्या पायाशी बसून रडू लागली. देवरावांनी घाईघाईनं पुण्याला फोन लावला आणि संघदीपच्या हातात दिला.

"घ्या, तुमीच सांगा त्याले. बबिता आली म्हनून सांगा."

"रोशन, मी संघदीप वकील. नेरहून, तुझ्या घरून बोलतोय."

पलीकडे रोशननं आवाज खाली आणला.

"सर, बाबा जवळच आहेत का? त्यांना एवढ्यात सांगू नका," रोशन म्हणाला. "काल कंपनीला नागपूरहून पत्र आलं. आज सकाळी माझ्याकडून राजीनामा लिहून घेतला."

सात दिवसांची मुदत संघदीपनंच घातली होती. बबनराव शब्दाचे पक्के निघाले.

"काय म्हनते?" देवरावांनी विचारलं. ते अजून हसतच होते.