मी थांबते, बंद पडत नाही

मित्रांनो, मला जुनी म्हणा, मी मुळीच रागावणार नाही. मी आहेच जुनी जीप. माझ्या हिरव्या रंगावर निळा रंग चढवलेला आहे, त्या निळ्याचेही पोपडे निघाले आहेत, आणि माझं ताडपत्रीचं छत पावसात नेमकं चालवणाऱ्याच्या मांडीवर गळतं. हे सगळं कबूल. पण भंगार म्हणाल, तर ऐकून घेणार नाही. हा शब्द मी एका उन्हाळ्यात पोटभर ऐकलेला आहे. त्या उन्हाळ्यात काय झालं ते सांगते, मग माझं नाव काय ठेवायचं ते तुम्ही ठरवा.

माझा जन्म कारखान्यातला, पण वळण लागलं ते नगरच्या लष्करात. तिथे पहाटे हाक आली की पहिल्या झटक्याला उठायचं, कुरकुर करायची नाही. पुढे नवीन गाड्या आल्या आणि आम्हा जुन्यांचा लिलाव झाला. देवळाली प्रवरेच्या काकासाहेबांनी मला घरी आणलं. त्यांच्या मंडळींनी, रतनबाईंनी, माझ्या बोनेटवर हळदकुंकू वाहिलं, भाकरतुकडा ओवाळून टाकला आणि म्हणाल्या, "बाई, आता तू आमची. पोरासोरांना सांभाळून ने." लष्करात मला बाई कोणी म्हटलं नव्हतं. मला ते फार आवडलं.

मग मी काय नाही केलं? उसाचं बेणं वाहिलं, वऱ्हाडं नेली, अडलेल्या बाया राहुरीच्या दवाखान्यात वेळेवर पोचवल्या. पण सगळ्यांत मोठा मान मला मिळाला तो सहादेवबुवांचा. बुवा म्हणजे आमच्या भागातले कीर्तनकार. काकासाहेबांना कीर्तनाचं वेड. बुवांचा सप्ताह कुठेही असो, गाडी काकासाहेबांची, हे ठरलेलं. बुवा उभे राहिले, टाळकऱ्यांनी मागे फेर धरला आणि मच्छिंद्रने मृदंगावर थाप दिली, की मांडवाच्या कडेला उभ्या उभ्या माझ्या पत्र्यावर काटा यायचा. माझा ड्रायव्हर शलमोन. तो रविवारी चर्चमध्ये गायचा आणि बाकीचे दिवस स्टिअरिंगवर बोटांनी बुवांचा ठेका धरायचा. गाडी बिघडली तर पानाही त्याच्याच हातात.

आणि मग तो त्र्याहत्तर सालचा उन्हाळा आला.

पाऊस गेलेला, विहिरी आटलेल्या, वाऱ्यालाही चटका. त्या दिवसांत बुवांचे सप्ताह सोनई-नेवाशाच्या बाजूला होते. राहुरी सोडून सोनईच्या वाटेला लागलं की एक चढ आहे, आणि चढ संपता संपता एक मोठा कडुलिंब. एके दुपारी त्या लिंबाजवळ माझ्या आत काहीतरी एकदम विझलं. पेट्रोल होतं, बॅटरी होती, मी जोर लावत होते, पण ठिणगीच पडेना. मी उभी राहिले.

"पेट्रोल उकळलं आसंल," शलमोन म्हणाला. "जरा दम खाऊ द्या तिला."

मंडळी सावलीत बसली. रिकामं कसं बसायचं, म्हणून बुवांनी भजन सुरू केलं. भजन सरलं, शलमोनने सेल्फ मारला, आणि मी सुरू झाले. मच्छिंद्रने हात जोडले. "बुवा! गाडी भजन ऐकायला थांबली हुती!"

झालं. दुसऱ्या खेपेला त्याच चढावर पुन्हा तेच. मी बंद, भजन सुरू, भजन संपलं, मी सुरू. तिसऱ्या खेपेपासून तर कोणी बोनेटसुद्धा उघडेना. मी विझले की मंडळी थेट टाळ काढायची. शलमोनने एकदा पाना हातात घेतला, तर टाळकरी त्याच्यावर ओरडले, "आरं, भजनात खडखड नको करू." बाजारात माझं नाव झालं. 'भजनावर चालणारी जीप.' बायका पुढून येऊन माझ्या पाया पडायच्या, आणि टवाळ पोरं मागून म्हणायची, "हिला पेट्रोल नको, टाळ बांधा."

मित्रांनो, मला काय वाटत असेल? मला भजन प्रिय आहे, जिवाहून प्रिय आहे. पण भजन ऐकायला मी मुद्दाम वाट अडवीन? लष्करात वाढलेली मी! मला दुखत होतं, आणि माझ्या दुखण्याची लोकांनी पूजा मांडली होती. शलमोन रोज सांजच्याला घरी मला तपासायचा. प्लग साफ केले, कार्बोरेटर उघडला, पॉइंट घासले. तेव्हा ठिणगी अशी टपोरी पडायची, की तोच डोकं खाजवायचा. "हितं तर झ्याक हाय. मंग तितं काय भूत बसतंय?"

काकासाहेबांना मात्र ना चमत्कार पटला ना पेट्रोल. काल्याच्या दिवशी ते स्वतः पुढच्या सीटवर बसले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलले, "आज काल्याचं कीर्तन हाय. बुवा पोचल्याबिगार हंडी फुटत न्हाई, आन् हंडी फुटल्याबिगार गाव जेवत न्हाई. माज्या गाडीपायी गाव उपाशी ऱ्हायलं तर मी तोंड कुटं दाखवू? आज ही बंद पडली, तर उद्या भंगारवाला येतोय. मी सांगावा धाडलाय."

मी दात-ओठ खाऊन निघाले. राहुरीपर्यंत झोकात गेले. चढ लागला. आज नाही, मी म्हटलं, आज काहीही झालं तरी नाही. लिंब दिसला, अगदी समोर आला, आणि विझले.

काकासाहेब खाली उतरले आणि माझ्याकडे पाठ करून उभे राहिले. तेच जास्त लागलं. मच्छिंद्रने सवयीने मृदंग काढला, टाळ वाजू लागले. शलमोनने या वेळी कोणाचं न ऐकता बोनेट उघडलं.

त्या लिंबाच्या पलीकडे मनकर्णाबाईचं छप्पर होतं. गुडघे गेलेले, त्यामुळे म्हातारीला कुठल्या सप्ताहाला जाता येत नव्हतं. मी बंद पडले की तिला दारात भजन मिळायचं. आज मात्र ती काठी टेकत माझ्यापाशी आली आणि माझ्या उघड्या बोनेटवर तिने हात ठेवला.

"आगं आई गं! लेकरांनू, तुमी गाताय काय? हिला ऊन लागलंय!"

"आजे, गाडीला ऊन कसं लागंल?" शलमोन म्हणाला.

"का न्हाई लागनार? बैलाला लागतं, मान्साला लागतं. थांब तू."

ती घरात गेली. टँकरच्या पाण्यातली अर्धी कळशी तिच्या घरात होती, तेच तिचं दिवसभराचं पाणी. त्यात तिने फडकं बुचकळलं, बरोबर फोडलेला कांदा घेतला आणि परत आली. आमच्याकडे ऊन लागलं की हेच करतात. पायाला कांदा, डोक्यावर ओलं फडकं.

"पाय चार हायेत, कांदा पुरायचा न्हाई," ती म्हणाली. "डोकं कुटाय हिचं?"

शलमोनला हसू आवरेना. "फडकं ठेवायचंच तर त्या पंपावर ठेव, आजे. पेट्रोल तरी गार हुईल."

"तुजा पंप का बिंप मला न्हाई कळत. ही बग, हिला शेंडी हाय. शेंडी आसंल तितंच डोकं आसंल की न्हाई?"

आणि तिने फडकं ठेवलं ते माझ्या कॉइलवर. कॉइल म्हणजे खलबत्त्याच्या बत्त्याएवढी एक काळी डबी. बॅटरीचा बारीक जोर ती मोठा करते, तेव्हा कुठे ठिणगी पडते. तिच्या माथ्यातून एक जाड वायर वर निघते. तीच मनकर्णाबाईची शेंडी. फडकं पडलं मात्र, आणि माझ्या आत असा गारवा गेला! ओरडावंसं वाटत होतं, की इथेच, इथेच दुखतंय!

शलमोनने कॉइलच्या माथ्यावरचं पाणी पुसून, म्हातारीची समजूत म्हणून सेल्फ मारला. मी धडाडून सुरू झाले.

टाळ थांबले. "आरं, दुसरं कडवं बी झालं न्हाई आजून!" मच्छिंद्र चिडून म्हणाला. "ही मधीच कशी उठली?"

मंडळी घाईने चढली. पण फडकं म्हातारीजवळच राहिलं, आणि पुढच्या वळणावर मी पुन्हा विझले. शलमोन उडी मारून खाली उतरला आणि त्याने सरळ कॉइलला हात लावला. चटका बसून तो मागे सरला.

"तवा झालाय नुसता! काका, पेट्रोल न्हाई, ही बया हाय! तापली की मरतीय, गार झाली की उठतीय. आन् मी हिला रोज सांजच्याला तपासत हुतो, गार झाल्याव!"

"म्हंजी भजनानं न्हाई व्हय?" मच्छिंद्रचा चेहरा पडला.

बुवा मोठ्याने हसले. "आरं, भजन म्हनोस्तर ती गार व्हायची. मी कदी म्हनलो का, भजन गाडीसाठी हाय म्हनून?"

काकासाहेब माझ्याकडे बघतही नव्हते. "बंद पडली ती पडली. दोनदा पडली. मी शब्द दिलाय. आता बुवांना पोचवायचं कसं ते सांग."

शलमोन धावत लिंबापाशी गेला आणि मनकर्णाबाईला पाठीवर घेऊनच आला. तिच्या हातात कळशी, खांद्यावर फडकं. तिला पुढे बसवलं, काकासाहेब मागे टाळकऱ्यांत गेले. आता आमची नवीन रीत सुरू झाली. शलमोन कान देऊन चालवायचा, आणि मी विझायच्या आधीच स्वतः थांबायचा. म्हातारी फडकं भिजवून त्याच्या हातात द्यायची, तो ते कॉइलवर ठेवायचा, की पुढे. मित्रांनो, थांबणं वेगळं आणि बंद पडणं वेगळं, हे मला त्या वाटेवर कळलं. बंद पडताना मान खाली जाते. थांबताना ती ताठ असते.

कळशीतलं शेवटचं पाणी संपलं तेव्हा समोर मांडवाच्या पताका दिसत होत्या. ऊन डोक्यावर आलं होतं, पण हंडी अजून टांगलेलीच होती. काल्याच्या कीर्तनात बुवांनी मनकर्णाबाईला अगदी पुढे बसवलं आणि बोलता बोलता म्हणाले, "देवाला भजन पायजे. गाडीला कॉइल पायजे. एकाचं दुसऱ्याला देऊन भागत न्हाई, बाबांनो!" मांडव हसला. हंडी फुटली. म्हातारीने ओंजळीत काल्याचा प्रसाद घेतला आणि आधी डोळ्यांना लावला. कितीतरी वर्षांनी तिने काला असा मांडवात बसून घेतला होता.

पण माझा फैसला व्हायचाच होता. परतताना ऊन उतरलं होतं, मी बिनतक्रार चालले. मनकर्णाबाईला दारात उतरवताना ती काकासाहेबांना म्हणाली, "काकासाहेब, ऊन लागलं म्हनून आपुन बैल कसायाला देतो का?"

काकासाहेबांनी मान फिरवली. "चल रं शलमोन," एवढंच म्हणाले. राहुरीत मात्र त्यांनी एका दुकानापुढे मला उभं करायला सांगितलं आणि स्वतः आत गेले. बाहेर आले तेव्हा हातात पुठ्ठ्याचं एक छोटं खोकं होतं.

सकाळी शलमोनने आधी बॅटरीची वायर सोडली. मग जुन्या कॉइलच्या दोन बारीक वायरी सोडल्या, कोणती कुठली हे बघून ठेवलं, जाड वायर अलगद उपसली आणि पट्टा सैल केला. जुनी कॉइल त्याच्या हातात आली. तिच्या बुडातून तेल पाझरलं होतं. तिच्यावर मी रागावलेली नाही. लष्करापासून ती माझ्यासाठी जळत आली होती, आणि दुखतंय म्हणून सांगायला तिला विझण्यावाचून दुसरी भाषा नव्हती. नवी कॉइल पट्ट्यात बसली, बारीक वायरी जागच्या जागी गेल्या, जाड वायर खटकन आवाज येईपर्यंत दाबली, आणि शेवटी बॅटरी जोडली.

तेवढ्यात अंगणात भंगारवाला येऊन उभा राहिला. त्याने माझ्या मडगार्डवर हातोडी ठोकून बघितली. "पत्रा बरा हाय. इंजिन वजनावर घेऊ."

शलमोनने सेल्फला बोट लावलं. पहिल्या झटक्याला उठले, लष्करातल्यासारखी! असा आवाज काढला की भंगारवाल्याच्या हातातली हातोडी खाली पडली.

काकासाहेब ओट्यावरून उतरले. त्यांनी जुनी कॉइल उचलून त्याच्या हातात ठेवली. "भंगार न्यायला बोलावलं हुतं ना? हे घे. ह्या घरात एवढंच हाय."

रतनबाई भाकरतुकडा घेऊन बाहेर आल्या, आणि मी, कोणी सांगितलं नसताना, म्हणजे शलमोनचा कोपर लागला असेल, पण मी हॉर्न वाजवला.

मित्रांनो, तुमच्या घरी, शेतावर, कुठेही कोणी चालता चालता विझलं, मग ते यंत्र असो, जनावर असो की माणूस, तर त्याला आळशी म्हणू नका, देवही करू नका. आधी उघडून बघा. हात लावून बघा, कुठे तापलंय ते. भंगारवाला काय, कधीही बोलावता येतो.

त्यानंतर पहिल्यांदा आम्ही त्या चढावर गेलो, तेव्हा ऊन तसंच होतं. मी चढ एका दमात चढले, लिंब आला, आणि मला काहीच झालं नाही. मनकर्णाबाई दारात बसली होती. तिने आम्हाला येताना बघितलं आणि आम्ही जाणार म्हणून काठी उचलून निरोप दिला.

"शलमोन," बुवा म्हणाले, "ब्रेक दाब."

"का हो? बंद पडली व्हय परत?" मच्छिंद्रने विचारलं.

"बंद पडंल तुजा मृदंग," शलमोन म्हणाला. "थांबलीय ती."

टाळ निघाले, लिंबाखाली भजन सुरू झालं. म्हातारी उठली, तिने फडकं भिजवलं आणि ते घेऊन माझ्यापाशी आली. शलमोनने इंजिन बंद करून तिच्यासाठी बोनेट उघडलं. नव्या कॉइलला त्याची काही गरज नव्हती. मी ताठ मानेने उभी राहिले आणि ठेवू दिलं.