सत्ययंत्राचा लाल दिवा

त्या रविवारी आमच्या देवळापुढे जत्रेलाही जमत नाही एवढी गर्दी होती. पेणच्या खाडीकाठच्या गावांतून टेम्पो भरभरून माणसं आली होती. टीव्हीवरचा ‘खाकीचा डोळा’ आमच्या गावात चोर पकडणार होता.

चोरी दोन मोटारींची. मिठागरात खाडीचं पाणी ओढणाऱ्या मोटारी कुणीतरी पळवल्या होत्या, आणि मिठागराचे राखणदार होते माझे बाबा, महिपती. हवालदार प्रतिक्षाबाई तीनदा येऊन गेल्या होत्या. मोटारींचे नंबर उतरवून घेतले, आसपासच्या भंगारवाल्यांची यादी केली आणि म्हणाल्या, “वेळ लागेल.”

“वेळ लागंल म्हनं!” आमची शेजारीण सगुणाकाकी हसली होती. “टीवीवर तासाभरात चोर धरतात. त्यात जाहिरातीपन होतात!”

कार्यक्रमाचा सूत्रसंचालक हितेश सर खाकी शर्ट घालून आला. तो कधी पोलिसात नव्हता, पण ते त्याला कुणी विचारलं नाही. त्याने टेबलावर एक काळी पेटी ठेवली. पेटीला दोन पितळी मुठी, वर एक दिवा.

“बंधूंनो, पोलिसांचा दंडा हाडाला लागतो, माझं सत्ययंत्र आत्म्याला लागतं! खोटं बोललं की रक्त तापतं, रक्त तापलं की दिवा लाल! मोठमोठ्या शास्त्रज्ञांनी या पेटीला हात जोडलेत!”

कोणत्या शास्त्रज्ञांनी, ते त्याने सांगितलं नाही. टाळ्या मात्र पडल्या.

मिठागरावर काम करणारे अठ्ठावीस जण रांगेत उभे होते. प्रत्येकाचे हात हितेश सर स्वतः पांढऱ्या टॉवेलने कोरडे करायचा, मग मुठी धरायला लावायचा. “मोटार चोरलीस?” “नाय.” दिवा लागायचा नाही. माणूस हसत खाली उतरायचा.

शेवटी बाबा. आमच्या मिठागरावर जुना रिवाज आहे. बांधावरून, पाण्यावरून भांडण झालं की ओलं मीठ मुठीत धरून बोलायचं. त्या मुठीने बोललेलं कुणी खोटं धरत नाही. बाबा सकाळीच मिठागरातून टोपलीभर ओलं मीठ घेऊन आले होते. दोन्ही हातांच्या मुठी त्यांनी मिठात दाबल्या आणि म्हणाले, “मिठाची आन. मी मोटारीला हात लावला नाय.”

टॉवेल पुढे आलाच नाही. हितेश सरने कॅमेऱ्याकडे पाहिलं आणि मऊ आवाजात म्हणाला, “राहू द्या आजोबा. तुमचा हात तर पवित्र आहे.”

बाबांनी मुठी धरल्या. दिवा लाल झाला.

गर्दीतून जो आवाज उठला, तो मी विसरू शकत नाही. पण त्याहून एक गोष्ट मला विसरता येत नाही. त्या क्षणी मीही बाबांकडे संशयाने पाहिलं. क्षणभरच. त्यांनी ते पाहिलं.

पुढे टीव्हीवर कार्यक्रम लागला तेव्हा मिठाचं दृश्य कापलेलं होतं. टॉवेलही कापलेला. फक्त बाबांचा चेहरा आणि लाल दिवा, तीन वेळा.

मी रोह्याला शाळेत शिकवते, जवळच्याच वरसे गावात राहते. बाबांना तिकडे घेऊन गेले. ते खिडकीशी बसून राहायचे. एकदा म्हणाले, “नमू, यंत्र कशाला खोटं बोलंल गो? मीच झोपंत काय केलं असंल.”

“बाबा, काहीतरी बोलू नका.”

“मंग दिवा का लागला?”

माझ्याकडे आल्याच्या चाळीसाव्या दिवशी सकाळी ते उठलेच नाहीत.

त्यानंतर तीन आठवड्यांनी मी वर्गात विद्युत वहनाचा धडा घेत होते. साध्या पाण्यात दोन तारा सोडल्या; दिवा लागला नाही. मूठभर मीठ टाकलं, लागला. मुलांनी टाळ्या वाजवल्या. मी खडू ठेवला आणि खुर्चीवर बसले. अकरा वर्षं मी हा प्रयोग करून दाखवते आहे.

रोह्याशेजारच्या अष्टमी गावातल्या रेडिओ दुरुस्तीच्या दुकानातून सामान आणून तशीच पेटी बनवली. एक चौकोनी बॅटरी, एक ट्रान्झिस्टर, एक दिवा, दोन मुठी. ती घेऊन गावी गेले. देवळापुढे वीसेक माणसं जमली. शेजारची सहा वर्षांची पिंकी पुढे आली. तिचे हात पुसून मुठी दिल्या.

“पिंकी, तुला शेपूट आहे?”

“हाय!” ती खदखदून हसली. खोटं बोलली होती. दिवा लागला नाही.

मग तिचे हात ओल्या मिठात बुडवले. “तुझं नाव काय?”

“पिंकी!”

लाल दिवा.

सगुणाकाकी पुढे आली. तिने स्वतः हात मिठात घातले, मुठी धरल्या आणि माझ्याकडे पाहत हळूच म्हणाली, “महिपती चोर नव्हता.” दिवा लागला. ती तिथेच पायरीवर बसली, पदर तोंडाला लावून.

“मंग चोर कोन गो?” मागून कुणीतरी विचारलं.

“मला माहीत नाही,” मी म्हणाले. “प्रतिक्षाबाई शोधताहेत. अजून आठवड्याला एक भंगारवाला बघून येतात. वेळ लागेल.”

या वेळी कुणी टोमणा मारला नाही.

घामाने, मिठाने, भीतीने ओला झालेला कुठलाही हात वीज वाहून नेतो. त्या हाताने काय केलं, हे विजेला कळत नाही. ते शोधायला नंबर लागतात, साक्षी लागतात, दारोदार फिरणारी माणसं लागतात. त्यात टाळ्या वाजवण्यासारखं फार काही नसतं. पोलीस चुकले तर त्यांना जाब विचारा, जरूर विचारा. पण पडद्यावरच्या खाकी शर्टालाही तोच जाब विचारा: दिवा का लागला? पेटीसमोर माणूस उभा असेल, तेव्हाच विचारा. मी शिक्षिका असून त्या दिवशी विचारलं नाही.